मागची बाजू कोरी : एलसीखालच्या एका विमा सर्टिफिकेटची गोष्ट

जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी भोसरीहून फोन आला. "साहेब, बँकेने पेपर परत पाठवलेत. सहा डिस्क्रिपन्सी. आणि सहाच्या सहा इन्शुरन्समध्येच!" कारखान्याचे मालक रागावल्यापेक्षा चक्रावलेले जास्त वाटले. एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, ही खरेदीदाराच्या बँकेची हमी: अटींप्रमाणे कागद आले की पैसे देऊ. अटींशी न जुळणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे डिस्क्रिपन्सी. बीएल (माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, एरवी ज्यांच्यात हमखास काहीतरी निघतं ते सगळे कागद साफ. आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही तो विम्याचा एक पानी कागद अडकलेला.

मी बरीच वर्षं बँकेच्या फॉरेन एक्स्चेंज खात्यात असे कागद तपासले. आता टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, निर्यातदारांबरोबर बसतो. विम्याच्या कागदाला होणारे बहुतेक आजार या एका सर्टिफिकेटात एकत्र भेटले, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतोय. कारखाना, बँका, विमा कंपनी यांची नावं देत नाही.

व्यवहार

माल म्हणजे गिअरबॉक्सची हाउसिंग. कास्टिंग कोल्हापूरचं, मशिनिंग भोसरीत. ७२० नग, नगाला १२० डॉलर, एकूण ८६,४०० डॉलर, सीआयपी बाक निन्ह, म्हणजे तिथवरचं भाडं आणि विमा विकणाऱ्याकडे. बाक निन्ह उत्तर व्हिएतनाममध्ये आहे. माल न्हावा शेवाहून जहाजाने हायफाँगला आणि तिथून शंभरेक किलोमीटर ट्रकने खरेदीदाराच्या गोदामात जायचा होता. खरेदीदाराने २० टक्के, म्हणजे १७,२८० डॉलर, आगाऊ पाठवले होते. उरलेल्या ६९,१२० डॉलरची एलसी हनोईतल्या एका बँकेने उघडली होती.

विम्याची अट मूळ इंग्रजीत तीन ओळींची होती. मराठीत तिचा अर्थ असा: पॉलिसी किंवा सर्टिफिकेट, दोन मूळ प्रती, ब्लँक एन्डॉर्स्ड, इन्व्हॉइस व्हॅल्यूच्या ११० टक्के रकमेची, ऑल रिस्क्स अधिक वॉर आणि स्ट्राइक्स, पुण्याच्या गोदामापासून बाक निन्हच्या गोदामापर्यंत, क्लेम व्हिएतनाममध्ये देय.

माल ४ जूनला भोसरीतून निघाला, बीएलवर ऑन बोर्डची, म्हणजे माल जहाजावर चढल्याची, तारीख ९ जून. एलसीत प्रेझेंटेशनची, म्हणजे त्यानंतर कागद बँकेत सादर करायची, मुदत २१ दिवस, म्हणजे शेवटचा दिवस ३० जून. कागद १६ तारखेला कारखान्याच्या इथल्या बँकेत गेले, १८ ला आक्षेपांची यादी आली, १९ ला मला फोन. हातात अकरा दिवस होते. या कामात अकरा दिवस म्हणजे चैन. लोक माझ्याकडे बहुधा शेवटच्या दुपारी येतात.

टेबलावर

मी पोचलो तेव्हा डॉक्युमेंटेशन बघणारी मुलगी सर्टिफिकेटच्या दोन्ही प्रती पुढ्यात घेऊन बसली होती. नोकरीला लागून तिला आठ महिने झाले होते. शेजारी बँकेची यादी. पहिला चहा संपेपर्यंत मी कुणालाच बोलू दिलं नाही, नुसती यादी वाचली.

बँकेचे सहा आक्षेप असे होते. एक, विम्याची रक्कम कमी. दोन, सर्टिफिकेटची तारीख ११ जून, शिपमेंट ९ जूनचं. तीन, एन्डॉर्समेंट नाही. चार, अर्धा टक्का एक्सेस (तेवढं नुकसान विमाधारकाने स्वतः सोसायचं) दाखवलाय. पाच, किरणोत्सर्ग आणि सायबर हल्ल्याची वगळणूक असलेली कलमं जोडली आहेत, म्हणजे हा विमा 'ऑल रिस्क्स' नाही. सहा, मालाचं वर्णन एलसीशी शब्दशः जुळत नाही.

मी पेन्सिलने पहिल्या तिघांपुढे बरोबरची खूण केली आणि शेवटच्या तिघांवर काट मारली. मालक म्हणाले, "म्हणजे बँक चुकली?"

"निम्मी."

चौथा आक्षेप आधी घेतो, कारण तो मी वर्षातून पाच-सहा वेळा पाहतो. जगभरच्या बहुतेक एलसी ज्या नियमावलीवर चालतात ती यूसीपी ६००, जुलै २००७ पासून लागू असलेली. तिचं २८ वं कलम फक्त विम्याच्या कागदाचं आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की कव्हर फ्रँचाइज (ठरावीक मर्यादेखालचं नुकसान न भरण्याची अट) किंवा एक्सेसच्या अधीन असल्याचं कागदावर असलं तरी चालेल. एलसीतच 'इररिस्पेक्टिव्ह ऑफ पर्सेंटेज' (नुकसान किती टक्के हे न बघता) असे शब्द असते तर गोष्ट वेगळी, मग एक्सेस चालला नसता. इथे ते शब्द नव्हते. विमावाल्याच्या दृष्टीने अर्धा टक्का एक्सेस म्हणजे किरकोळ नुकसानीचे क्लेम दारातच थांबवणं. बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही.

पाचवा त्याच घराण्यातला. त्याच कलमात म्हटलंय की एलसीत 'ऑल रिस्क्स' मागितलं असेल आणि कागदावर तशी नोंद किंवा कलम असेल, तर कोणत्या जोखमी वगळल्यात याकडे न बघता कागद स्वीकारायचा. शिवाय कुठल्याही वगळणुकीचा उल्लेख कागदावर असू शकतो, असंही वेगळं सांगितलंय. आमच्या सर्टिफिकेटवर इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस 'ए' (मालाच्या विम्याची प्रमाण कलमं, त्यांतली सगळ्यात व्यापक) होते, आणि 'ऑल रिस्क्स'ची अट त्यांनी भागते हे बँकिंग प्रथेत मान्य आहे. किरणोत्सर्गाची वगळणूक तर आजकाल जवळपास प्रत्येक मरीन कागदाला चिकटलेली असते. ती डिस्क्रिपन्सी धरली तर जगातली एकही एलसी साफ निघणार नाही.

(जाता जाता: या धंद्यात 'आयसीसी' म्हणजे कधी पॅरिसचं आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ, ज्याने यूसीपी काढली, आणि कधी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरचा आयसीसी टॉवर तिसराच. त्या मुलीने पहिल्या महिन्यात या तिन्हींचा घोळ घातला होता, हे तिने स्वतःच हसत सांगितलं. क्रिकेटवालं तिला आधीपासून माहीत होतं.)

सहावा आक्षेप मुळातच फुसका. एलसीत मालाचं वर्णन साडेचार ओळींचं होतं, ड्रॉइंग नंबरांसकट. सर्टिफिकेटवर 'मशिन्ड कास्टिंग, ७२० नग' एवढंच. तपशीलवार वर्णन जुळावं लागतं ते इन्व्हॉइसवर. बाकीच्या कागदांवर सर्वसाधारण शब्दांतलं वर्णन चालतं, फक्त ते एलसीशी विसंगत नको. 'पितळी नळ' लिहिलं असतं तर अडचण होती.

आता खरे तीन.

६९,१२० ची गफलत

इन्व्हॉइसच्या तळाशी तीन ओळी होत्या: एकूण ८६,४००, वजा अग्रिम १७,२८०, देय ६९,१२०. त्या मुलीने शेवटची ओळ उचलली, तिला ११० टक्क्यांनी गुणलं आणि ७६,०३२ डॉलरचा विमा मागवला. एलसी ६९,१२० ची, म्हणजे विमाही तेवढ्यावरच, असा सरळ हिशेब. तिची चूक म्हणवत नाही. शाळेत शिकवलेली वजाबाकी प्रामाणिकपणे केली तर हेच उत्तर येतं.

पण जहाजावर ६९,१२० डॉलरचा माल नव्हता, ८६,४०० चा होता. आगाऊ रक्कम किंवा सवलत वजा झाल्याचं कागदांवरून दिसत असेल, तर विम्याचा हिशेब मालाच्या पूर्ण किमतीवर करायचा, असं आयएसबीपी सांगते. यूसीपी वाचायची कशी, याचं ते बँकांसाठीचं मार्गदर्शन. म्हणजे हवे होते ९५,०४० डॉलर. तूट १९,००८ ची.

हा निव्वळ बँकेचा हट्ट नाही. कंटेनर समुद्रात गेला असता तर ८६,४०० च्या मालाला विमा ७६,०३२ चाच, म्हणजे आगाऊ पैसे देऊन बसलेल्या खरेदीदाराचे १०,३६८ डॉलर विम्याबाहेर राहिले असते. बँकेच्या आक्षेपांत कधीकधी शहाणपण असतं, ते असं.

कोरी बाजू

एन्डॉर्समेंटचा मुद्दा आला तेव्हा तिने दोन्ही प्रती उलटून दाखवल्या. मागे काहीच नव्हतं. तारखेचा शिक्का नाही, सही नाही, बोटाचा डागही नाही. अगदी जपून ठेवलेला कोरा कागद.

"सर, एलसीत 'एन्डॉर्स्ड इन ब्लँक' आहे ना. मला वाटलं मागची बाजू ब्लँक ठेवायची."

मालक हसायला लागले. मी हसलो नाही, कारण हाच प्रश्न मी स्वतः पंचविशीत एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांना विचारला होता आणि त्यांनी मला बीएलच्या गठ्ठ्याने डोक्यात टपली मारली होती.

तिला सांगितलं ते असं. सर्टिफिकेटवर विमाधारक म्हणून तुमच्या कारखान्याचं नाव आहे. माल वाटेत खराब झाला तर क्लेमचा हक्क तुमचा. पण पैसे देऊन कागद सोडवणार व्हिएतनामचा खरेदीदार, तेव्हा हक्क त्याच्या हाती गेला पाहिजे. म्हणून मागच्या बाजूला तुमच्या कंपनीतर्फे अधिकृत सही करायची आणि कुणाच्या नावे ते लिहायचं नाही. सही आहे, नाव कोरं, म्हणून ब्लँक. बेअरर चेकसारखं, ज्याच्या हातात कागद त्याचा हक्क. बीएलच्या मागे सही करतो तीच गोष्ट. बीएलवर तिने बरोबर सही घेतली होती, कारण तिथे सीएचएच्या (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटच्या) माणसाने बोट ठेवून दाखवलं होतं. विम्याच्या कागदावर बोट ठेवायला कुणी नव्हतं.

तीन खऱ्या चुकांतली सगळ्यात हास्यास्पद चूक ही, आणि दुरुस्तीला सोपीही हीच. दोन सह्या, पाव मिनिट.

बँकेला न दिसलेलं

तेवढ्यात सवयीने मी सर्टिफिकेट पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. बँकेची यादी हातात असली की माणूस फक्त यादीतलंच तपासतो, हा सापळा आहे. प्रवासाच्या रकान्यात लिहिलं होतं: न्हावा शेवा ते हायफाँग.

एलसीत होतं पुण्याचं गोदाम ते बाक निन्हचं गोदाम. भोसरी ते न्हावा शेवा घाटातला रस्ता उघडा, हायफाँग ते बाक निन्ह उघडा. नियम म्हणतो की एलसीत सांगितलेल्या ठिकाणांदरम्यान तरी कव्हर असल्याचं कागदावर दिसलं पाहिजे. हा दोष आमच्या बँकेने पकडलाच नव्हता. खोटे तीन काढले आणि हा सोडला. हनोईत तो नक्की पकडला गेला असता, आणि तेव्हा ३० जून उलटून गेला असता.

ओपन पॉलिसी काढून पाहिली, म्हणजे सगळ्या शिपमेंटसाठी एकदाच घेतलेली पॉलिसी, जिच्याखाली एकेका मालाचं सर्टिफिकेट निघतं. तिच्यात प्रवास 'भारतातल्या कुठल्याही ठिकाणाहून जगात कुठेही' होता. म्हणजे विमा मुळात पुरता होता, सर्टिफिकेट टाइप करणाऱ्याने बीएलवरची बंदरं तेवढी उतरवली होती. क्लेम व्हिएतनाममध्ये देय, सर्व्हे एजंटचा हायफाँगचा पत्ता, चलन डॉलर, विमा कंपनीतर्फे सही आणि ती कोणाच्या वतीने केली याचा उल्लेख, हे सगळं ठीक होतं.

तारीख

राहिली तारीख. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच होती.

नियम असा: विम्याच्या कागदाची तारीख शिपमेंटनंतरची नको, अपवाद एकच, कव्हर शिपमेंटच्या तारखेपासून किंवा त्याआधीपासून लागू आहे असं कागदावरूनच दिसत असेल तर. आमच्या सर्टिफिकेटवर 'वेअरहाउस टू वेअरहाउस' छापलेलं होतं आणि मालक त्यावर अडून बसले. "साहेब, गोदामापासून गोदामापर्यंत म्हटलंय, म्हणजे माल निघाल्यापासून कव्हर आलंच की." तर्क चोख आहे, पण आयएसबीपीने नेमका हाच तर्क फेटाळलाय. हे शब्द कव्हर कुठून कुठे ते सांगतात, कधीपासून ते सांगत नाहीत.

विमा एजंटला फोन लावला. स्पीकर सुरू होता.

"साहेब, एवढं काय त्यात. नऊ तारीख टाकून देतो. आठ टाकू का?"

टेबलाभोवती क्षणभर शांतता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीने टेबलाकडे.

मी नाही म्हटलं. तारीख मागे नेलेलं सर्टिफिकेट बँक मुकाट्याने स्वीकारेल, हे मला ठाऊक होतं. पण विमा कंपनीच्या सिस्टिममध्ये सर्टिफिकेटला नंबर असतो, आणि ११ तारखेचा नंबर ८ तारखेच्या कागदावर बसत नाही. उद्या क्लेम आला तर सर्व्हेअरला ही गाठ सुटायला पाच मिनिटं पुरतील, आणि मग विम्याचाच पाया गेला. मुळात खोटी तारीख लागतच नव्हती. ओपन पॉलिसीखाली कव्हर माल निघाला की सुरू होतं. सर्टिफिकेट हा फक्त त्याचा पुरावा, जो उशिरा टाइप झाला. मी मुलीला विचारलं, डिक्लेरेशन, म्हणजे माल निघतोय हे विमावाल्यांना कळवणारा मेल, कधी पाठवलंस? तिने मेल काढला: ४ जून, सकाळी ११:४०, इन्व्हॉइस जोडलेला. गाडी त्याच दुपारी निघाली होती. एजंटच्या कचेरीत तो मेल आठवडाभर पडून राहिला.

त्या मेलवर सगळं उभं राहिलं. विमा कंपनीला पत्र लिहिलं: डिक्लेरेशन ४ तारखेचं, त्यात किंमत अनवधानाने चुकीची गेली आणि सर्टिफिकेटवर प्रवास चुकीचा उतरला, ओपन पॉलिसीतल्या मूल्यांकनाच्या अटीप्रमाणे ९५,०४० डॉलरचं, पुणे ते बाक निन्हचं, 'कव्हर ४ जूनपासून लागू' असा स्पष्ट उल्लेख असलेलं नवं सर्टिफिकेट द्यावं, आजच्या तारखेला मालाच्या कुठल्याही नुकसानीची आम्हाला माहिती नाही. शेवटचं वाक्य विसरायचं नाही. जहाज समुद्रात असताना विम्याची रक्कम वाढवून मागितली की अंडररायटरच्या, म्हणजे विमा कंपनीत जोखीम तोलणाऱ्याच्या, मनात पहिला विचार येतो तो नुकसान आधीच झालंय का, हाच. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात फ्लोटिंग पॉलिसीखालचं चुकलेलं डिक्लेरेशन, चूक प्रामाणिक असेल तर, नंतरही दुरुस्त करता येतं; ओपन पॉलिसीचा व्यवहारही त्याच भरवशावर चालतो.

वाढीव रकमेचा प्रीमियम मालकांनी त्याच संध्याकाळी भरला.

शुक्रवार

दुसऱ्या दिवशी दोन्ही पालख्या पुण्यात येणार होत्या. विमा कंपनीची कचेरी शिवाजीनगरला, कारखाना भोसरीत, आणि मधले रस्ते दुपारपासून वारकऱ्यांचे. एजंट म्हणाला सोमवारी बघू. मला सोमवार नको होता. ती मुलगी जुन्या दोन्ही मूळ प्रती फाइलमध्ये घालून नाशिक फाट्यावरून मेट्रोने गेली. जुन्या प्रती परत केल्याशिवाय कंपनी नव्या देणार नव्हती आणि ते बरोबरच होतं. एका मालाची दोन जिवंत सर्टिफिकेटं फिरणं कुणालाच नको. अधिकारी जागेवर होते, कारण त्यांनाही कुठे जाता येत नव्हतं. साडेचारला तिने नव्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, तारीख २० जून, खाली 'कव्हर ४ जूनपासून लागू'. त्यामागोमाग दुसरा फोटो, मागच्या बाजूचा, खाली प्रश्न: "सही इथेच ना सर?"

सह्या शनिवारी कारखान्यात झाल्या, दोन्ही प्रतींवर. मंगळवारी, २४ ला, कागद पुन्हा बँकेत. सोबत मी एक पानाचं पत्र दिलं: आधीचे चौथा, पाचवा आणि सहावा आक्षेप आम्हाला का मान्य नाहीत, कलमांसकट. भांडायला नाही, पण बँकेने तेच तीन मुद्दे कव्हरिंग शेड्यूलवर (कागदांसोबतच्या पत्रावर) लिहून हनोईला पाठवले असते, तर तिथल्या बँकेला आयतं कोलीत मिळालं असतं. हे मी घडताना पाहिलंय. आमच्या बँकेच्या मुंबईच्या ट्रेड सेलमधून फोन आला, बाई सज्जन होत्या, म्हणाल्या एक्सेसबद्दल आमच्या चेकलिस्टमध्ये तसं आहे खरं. मी म्हटलं, चेकलिस्ट कलमाच्या वर नसते. त्यांनी तिन्ही आक्षेप काढले.

हनोईचा मेसेज

कागद ३० जूनला हनोईत पोचले. तपासायला बँकेला कागद मिळाल्यानंतरचे पाच बँकिंग दिवस. चौथ्या दिवशी, ४ जुलैला, स्विफ्टने (बँकांच्या आपसातल्या संदेशयंत्रणेने) नकार आला, आक्षेप एकच: विमा सर्टिफिकेटची तारीख २० जून, शिपमेंट ९ जून.

मालकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा सूर असा होता की आठ तारीख टाकून घेतली असती तर बरं झालं असतं. बोलले नाहीत, पण तो मला ऐकू आला.

मला मात्र तो मेसेज वाचून बरं वाटलं. नकार द्यायचा तर एकाच नोटिशीत सगळे आक्षेप लिहायचे, मागाहून नवीन काढता येत नाहीत, असा नियम आहे. आता त्यांच्याकडे हा एकच मुद्दा होता, आणि तो कलम २८ च्या तारखेच्या उपकलमापुढे टिकत नव्हता. सोमवारी आमच्या बँकेकडून चार ओळींचं उत्तर गेलं: सर्टिफिकेटवर कव्हर ४ जूनपासून लागू असल्याचं लिहिलेलं आहे, उपकलमाप्रमाणे कागद एलसीला धरून आहेत, नकार मागे घेऊन रक्कम द्यावी.

११ जुलैला पैसे जमा झाले. ६९,१२० मधून बँकांचे नेहमीचे खर्च वजा, आणि त्याशिवाय शंभर डॉलर डिस्क्रिपन्सी फी. डिस्क्रिपन्सी असलेल्या कागदांवर ही फी लागेल असं एलसीत होतं, पण डिस्क्रिपन्सी उरलीच कुठे? ते शंभर डॉलर परत मागणारा मेसेज आम्ही १४ तारखेला पाठवला. मालक म्हणतात सोडून द्या, मेसेजलाच खर्च येतो. मी अजून सोडलेला नाही.